लॅबमध्ये नवीन आलात? आधी बाटलीवरचा टक्का वाचायला शिका

दरवर्षी डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) नवीन पोरं-पोरी सोलापुरातल्या लॅबांमध्ये ट्रेनिंगला येतात, कुणी अक्कलकोटहून, कुणी बार्शीहून, कुणी मोहोळहून रोज एसटीनं, आणि पहिल्याच दिवशी समोर रॅकवर ज्या बाटल्या दिसतात त्या सगळ्या बघायला सेम. स्पिरीट पाण्यासारखं, सलाईन पाण्यासारखं, फॉर्मलीन पण पाण्यासारखंच, हायपो (सोडियम हायपोक्लोराईट, म्हणजे ब्लीचचं पाणी) जरा पिवळट एवढाच फरक. पुस्तकात सगळ्यांची नावं पाठ केलेली असतात पण हातात बाटली आल्यावर गडबड होते ती नावामुळं नाही, टक्क्यामुळं. स्पिरीट किती टक्के, हायपो किती टक्के, सिरपमध्ये ५ मिलीला किती मिलीग्रॅम. म्हणून हा लेख टक्क्यावर आहे. लॅबवाल्यांसाठी लिहिलाय पण घरी लहान मूल किंवा शुगरचा पेशंट असेल तर शेवटी 'घरच्यांसाठी' हा भाग तुम्ही पण वाचाच.

पायरी १: बाटली हातात घेतली की

नाव वाचा, मग टक्का वाचा, मग एक्स्पायरी, मग कधी उघडली ती तारीख. उघडल्याची तारीख कंपनी लिहीत नाही, ती आपण मार्करनं लिहायची असते आणि इथंच सगळे कंटाळा करतात. दुसरं म्हणजे कुठलंही केमिकल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरायचं नाही, अगदी दहा मिनिटांसाठी पण नाही, लेबल लावून पण नाही. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना तहानलेला माणूस लेबल वाचत बसत नाही.

आता टक्का म्हणजे काय. पावडर विरघळवलेली असेल तर १०० मिलीमध्ये किती ग्रॅम, आणि स्पिरीटसारखं द्रव असेल तर १०० मिलीमध्ये किती मिली. पातळ करायचं गणित एकच आहे: जो टक्का पाहिजे तो गुणिले जेवढे मिली पाहिजे तेवढे, भागिले हातातल्या बाटलीचा टक्का. समजा हायपो ५ टक्क्याचं आहे आणि तुम्हाला १ टक्क्याचं अर्धा लिटर पाहिजे. १ गुणिले ५०० भागिले ५, आले १०० मिली. म्हणजे १०० मिली हायपो आणि ४०० मिली पाणी. एवढं गणित आलं की निम्मं काम आलं. मोजताना मेजरिंग सिलिंडर टेबलावर ठेवा, डोळा त्या रेषेच्या लेव्हलला आणा आणि पाण्याची जी खोलगट कड दिसते तिचा तळ वाचा, वरून वाकून बघितलं की रीडिंग हमखास चुकतं. आणि पिपेट तोंडानं ओढायची नाही, जुने लोक ओढायचे म्हणून तुम्ही ओढू नका.

ॲसिड पातळ करायची वेळ आली तर पाण्यात ॲसिड, हळूहळू, काचेच्या दांडीनं ढवळत. ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, सल्फ्युरिकमध्ये पाणी ओतलं की एवढी उष्णता निघते की वरचं पाणी उकळून ॲसिडसकट तोंडावर उडतं.

पायरी २: पाणी पण एक केमिकल आहे

हे नवीन पोरांना पटतच नाही. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, मग टाकीत साठवलेलं, बोअरचं, टँकरचं, जे मिळेल ते वापरायची सवय असते. घरात चालतं, लॅबमध्ये नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो तोच. ते पाणी रिएजंटमध्ये (टेस्टसाठी लागणाऱ्या द्रवात) गेलं की कॅल्शियमच्या टेस्टची वाट लागणारच.

यावर एक भारी किस्सा आहे. १८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवायचे प्रयोग करत होते. एकदा ते खूप वेळ छान धडधडत राहिलं, नंतर चौकशी केल्यावर कळलं की असिस्टंटनं डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी वापरलं होतं. डिस्टिल्डमध्ये केलं की हृदय लवकर बंद. मग त्यांनी शोधलं की नळाच्या पाण्यातला कॅल्शियम हे काम करतोय. आज वॉर्डात जी आरएलची बाटली लागते, रिंगर लॅक्टेट, ती त्यांच्याच नावाची. लॅक्टेट नंतर १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या अलेक्सिस हार्टमन यांनी घातलं. बघा, पाणी बदललं आणि अख्खा रिझल्ट बदलला, तिथं नशिबानं फायदा झाला, तुमच्या लॅबमध्ये तसं होणार नाही.

साधा नियम: काचसामान धुवायला नळाचं, शेवटचं खंगाळायला डिस्टिल्ड, रिएजंट बनवायला फक्त डिस्टिल्ड. बॅटरीत घालायचं म्हणून दुकानात कॅन मिळतो त्याच्यावर रिएजंट बनवू नका. घरच्या आरओचं पाणी प्यायला ठीक, रिएजंटला नाही, त्यात क्षार उरतातच. आणि इंजेक्शनची पावडर विरघळवायला त्या सोबत आलेली छोटी स्टराईल वॉटरची कुपीच, कॅनमधलं डिस्टिल्ड नाही, कारण डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक असं नसतंय.

पायरी ३: सलाईन, म्हणजे ०.९ टक्के

एक लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. ०.९ च का, हे वाचून नाही, बघून समजतं. तीन टेस्ट ट्यूब घ्या. एकीत डिस्टिल्ड वॉटर, एकीत नॉर्मल सलाईन, एकीत ३ टक्क्याचं मिठाचं पाणी. प्रत्येकीत ईडीटीएमधलं (रक्त गोठू न देणारं केमिकल) रक्त एक-एक थेंब टाका, हलवा, पाच मिनिटं थांबा, मग ट्यूबमागं छापील कागद धरा. डिस्टिल्डवाल्या ट्यूबमधून अक्षरं वाचता येतात, पारदर्शक लाल, कारण पेशी पाणी पिऊन फुगल्या आणि फुटल्या. सलाईनवाली गढूळ, अक्षरं दिसत नाहीत, पेशी शाबूत. ३ टक्केवाली पण गढूळच, पण त्यातला थेंब मायक्रोस्कोपखाली बघा, पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं गेलेलं असतं आणि कडा काटेरी झालेल्या असतात. डिस्टिल्ड वॉटर शिरेतून का द्यायचं नाही ते या एका ट्यूबमध्ये कळतं.

शिरेतून मिठाचं पाणी द्यायची आयडिया जुनी आहे, १८३२ साली कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा यांनी दिलं होतं, तेव्हा जंतूंचा पत्ता नव्हता.

बाटल्यांमधला फरक थोडक्यात: एनएस म्हणजे ०.९ मीठ, डी५ म्हणजे ५ टक्के ग्लुकोज, डीएनएस म्हणजे दोन्ही, आरएल म्हणजे मीठ, पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट. कुठली कुणाला हे डॉक्टर ठरवणार. पण आपल्याकडं "डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा की" म्हणणारे लई आहेत त्यांच्यासाठी हिशोब सांगतो. डी५ च्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे साधारण पाच-सहा चमचे साखर, कॅलरी शंभरच्या आत. एका भाकरीत याच्यापेक्षा जास्त ताकद आहे, आणि शेंगा चटणी सोबत घेतली तर विचारूच नका. तोंडानं खाता-पिता येत असेल तर सुई टोचून घ्यायचं कारण काय?

पायरी ४: ओआरएस, आणि एक लिटर म्हणजे एक लिटरच

उन्हाळ्यात आणि जुलाबात सोलापुरात सगळ्यात जास्त लागणारं द्रव हेच. डब्ल्यूएचओच्या २००२ पासूनच्या फॉर्म्युल्यात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराईड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम. साखर चवीसाठी नसते. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेतले जातात आणि त्यांच्या मागं पाणी जातं, जुलाब चालू असताना पण हा दरवाजा उघडा असतो, त्याच्यावरच सगळं चालतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ड्रममधून हे द्रावण वाटायला लावलं आणि पेशंटच्या नातेवाईकांकडूनच पाजून घेतलं. तिथला मृत्यूदर जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, लई उशिरा.

आता चूक कुठं होते. पाकीट एक लिटरचं आणि घरात ग्लासात अर्धं पाकीट, अंदाजे. घट्ट झालं की उलटा परिणाम, जास्त साखर-मीठ आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. पातळ झालं की उपयोग कमी. म्हणून एक लिटरची बाटली मोजून घ्या, उकळून गार केलेलं पाणी, अख्खं पाकीट, आणि २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या. २०० मिलीची छोटी पाकिटं पण मिळतात, पाकिटावर वाचा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याच्यावरच्या दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्यानं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, छोटा चहाचा चमचा, आणि सपाट म्हणजे बोटानं कड पुसून.

टेट्रापॅकमधली गोड सरबतं ओआरएस म्हणून विकली जायची, त्यात साखर कितीतरी जास्त. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली. तरी दुकानात घेताना मागची बाजू वाचाच. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, काहीच पोटात टिकत नसेल तर घरी ओआरएस पाजत बसू नका, थेट दवाखाना.

पायरी ५: जंतू मारणारी द्रवं

स्पिरीट. ७० टक्के चांगलं काम करतं, ९९ टक्के नाही, आणि हे ऐकून दरवेळी कुणीतरी म्हणतंच "असं कसं, स्ट्राँग ते भारी". नाही बे. अल्कोहोल जंतूचं प्रोटीन गोठवतं आणि त्याला पाणी लागतं, शुद्ध अल्कोहोल बाहेरचा थर पटकन गोठवून उडून जातं, आतला जंतू तसाच. रक्त घेताना कापूस फिरवला की अर्धा मिनिट वाळू द्या, ओल्यावर सुई टोचली तर पेशंटला झोंबतं आणि सँपलमधल्या पेशी फुटू शकतात. बीजाणू, म्हणजे कडक कवचात झोपलेले जंतू, मात्र स्पिरीटनं मरत नाहीत. आणि बर्नर चालू असताना स्पिरीटची बाटली उघडायची नाही, ज्योत दिवसा दिसत पण नाही. इंडस्ट्रियल स्पिरीटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते पोटात गेलं की डोळे जातात, जीव पण जातो.

हायपो. रक्त सांडलं तर आधी ग्लोव्हज, वर टिश्यू टाका, त्याच्यावर १ टक्का हायपो ओता, किमान दहा मिनिटं थांबा, मग पुसा. रोज ताजं बनवायचं. उन्हानं आणि उष्णतेनं क्लोरीन उडून जातो, खिडकीपाशी मे महिनाभर ठेवलेला कॅन म्हणजे नावाला हायपो. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडसोबत मिसळायचं नाही, क्लोरीन गॅस निघतो, बाथरूमसारख्या बंद जागेत जीवावर बेततं. फॉर्मलीनसोबत पण नाही, अमोनियासोबत पण नाही. सोपं लक्षात ठेवा, हायपोमध्ये फक्त पाणी.

पोव्हिडोन आयोडीन लावलं की दीड-दोन मिनिटं वाळू द्यायचं, वाळताना ते काम करतं. हायड्रोजन पेरॉक्साईड ३ टक्केवालं जखमेला फेस आणतं, तो फेस आपल्याच पेशींमधल्या कॅटलेज नावाच्या एन्झाईममुळं निघणारा ऑक्सिजन. बघायला मजा वाटते पण रोज-रोज ओतलं तर नवीन येणारी कातडी पण मरते. लॅबमध्ये ३० टक्केवालं पण असतं, ते हाताला लागलं तर चामडी पांढरी पडून भाजते. नाव तेच, टक्का दहापट.

पायरी ६: ट्यूबमधलं द्रव आणि रंगाची झाकणं

निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त. रेषेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी भरली तर सायट्रेट जास्त, ते रक्त गोठायला लागणारं कॅल्शियम धरून ठेवतं आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटाच लांबलेला येतो, मग रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्या पेशंटचा डोस उगाच बदलला जातो. ईएसआरला (लाल पेशी किती वेगानं खाली बसतात ती टेस्ट) एक भाग सायट्रेटला चार भाग रक्त, हे दोन गुणोत्तर एकमेकांत मिसळू नका. जांभळ्या झाकणात पोटॅशियम ईडीटीए, त्यातलं जरासं जरी लाल झाकणाच्या साध्या ट्यूबमध्ये गेलं तरी पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम कमी दिसतं, म्हणून क्रम आधी निळी, मग लाल-पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. राखाडीत फ्लोराईड, ते पेशींना साखर खाऊ देत नाही, नाहीतर उन्हात पडलेल्या साध्या ट्यूबमधली साखर दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी कमी होत जाते. खेड्यातून कलेक्शन करून आणणाऱ्या पोरांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

पायरी ७: स्टेन

हा माझा आवडता भाग, कारण हा सोलापूरच्या जवळचा आहे. टॉवेल आणि चादरीवाल्या गावात डाईंग कुणाला सांगावं लागत नाही, आणि रक्ताच्या पेशी मायक्रोस्कोपखाली दिसाव्यात म्हणून रंगवायच्या लेशमन स्टेनमधला मिथिलीन ब्ल्यू पण मुळात कापड रंगवायचाच रंग. १८७६ मध्ये जर्मनीत बीएएसएफ कंपनीच्या हाइनरिश कारो यांनी बनवला. जर्मन डॉक्टर पॉल एर्लिश यांच्या लक्षात आलं की हा रंग ठराविक पेशींवर आणि जंतूंवरच चढतो, आणि १८९१ मध्ये त्यांनी तो मलेरियाच्या पेशंटना औषध म्हणून पण देऊन बघितला. सुताला रंग का धरतो आणि न्यूक्लियसला का धरतो यामागं केमिस्ट्री एकाच घरातली आहे.

करायचं असं: वाळलेल्या स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्तावर) लेशमन ओता, दोन मिनिटं, यात मिथेनॉल पेशी फिक्स करतं. मग त्याच्या दुप्पट ६.८ पीएचचं बफर पाणी (पीएच बदलू न देणारं) घाला, फुंकर मारून मिसळा, सात ते दहा मिनिटं. मग धुवा. बफरऐवजी बोअरचं पाणी घातलं तर ते अल्कलाईन असल्यानं लाल पेशी निळसर दिसतात आणि मलेरिया शोधताना डोळ्याची आई आठवते. सोलापूरच्या उन्हाळ्यात अजून एक कटकट, स्लाइडवरचं मिथेनॉल दोन मिनिटं व्हायच्या आत उडतं आणि रंगाचे दाणे बसतात, म्हणून फॅन बंद करा, स्टेन जरा सढळ हातानं ओता, वर झाकण ठेवा. स्टेनच्या बाटलीत पाण्याचा एक थेंब गेला तरी पेशींवर खड्डे-खड्डे दिसतात, बाटली घट्ट बंद पाहिजे.

पायरी ८: फॉर्मलीन

दुकानातून येतं ते ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाईड. त्यातला एक भाग आणि नऊ भाग पाणी किंवा बफर, याला १० टक्के फॉर्मलीन म्हणतात, म्हणजे खरं फॉर्मल्डिहाईड त्यात ४ टक्केच. तपासायला काढलेला शरीराचा तुकडा (बायोप्सी) यात ठेवतात. तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मलीन, रुंद तोंडाची बरणी, कारण अरुंद बाटलीत कोंबलेला तुकडा कडक झाला की बाहेर निघत नाही. बायोप्सी बऱ्याचदा नातेवाईकांच्या हातात देतात, ते रिक्षात पिशवीत घेऊन येतात, तर लीक होणार नाही असं झाकण आणि लेबल बरणीवर, झाकणावर नाही. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, जाणारा तुकडा मात्र फॉर्मलीनमध्ये टाकला तर संपलं, जंतू मेले, तो सलाईनमध्ये. वास सवयीचा झाला म्हणून मास्क काढू नका, हे कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे.

लिक्विड ऑक्सिजनच्या टाक्या आणि लिक्विड नायट्रोजनची भांडी तुमच्या हातात लगेच देणार नाहीत, तरी एवढं माहीत असू द्या की नायट्रोजन उणे १९६ अंश आणि उडाला की जवळपास ७०० पट जागा घेतो, बंद खोलीत ऑक्सिजन हाकलून देतो. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या स्ट्रॉ त्यातच ठेवतात. झाकण कधी घट्ट बसवायचं नाही, भांडं फुटतं.

घरच्यांसाठी: सिरप आणि इन्सुलिन

तापाचं पॅरासिटामॉल एकाच नावानं तीन प्रकारात येतं. ड्रॉप्समध्ये १ मिलीला १०० मिलीग्रॅम, साध्या सिरपमध्ये ५ मिलीला १२५, आणि डबल स्ट्राँगमध्ये ५ मिलीला २५०. म्हणजे ड्रॉप्स साध्या सिरपच्या चौपट. "मागच्या वेळी ५ मिली दिलं होतं" म्हणून ड्रॉप्स ५ मिली पाजले तर लिव्हरवर येतं. डॉक्टरला मिली विचारताना बाटलीचा फोटो दाखवा. मोजायला बाटलीसोबतचं टोपण किंवा सिरिंज, स्वयंपाकघरातला चमचा नाही. पावडरचं अँटिबायोटिक सिरप उकळून गार केलेल्या पाण्यानं खुणेपर्यंत भरायचं आणि बाटलीवर लिहिलेल्या दिवसांतच संपवायचं. खोकल्याचं औषध लहान मुलांना स्वतःच्या मनानं नाहीच. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं निघालं आणि १४ पेशंट गेले, दिसायला आणि चवीला दोन्ही सारखंच गोड घट्ट.

इन्सुलिनची बाटली आपल्याकडं बहुतेक १ मिलीला ४० युनिटची असते, पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंज पण दोन, लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात २० नाही, ५० युनिट गेले, साखर एकदम खाली. उलटं केलं तर २० च्या जागी ८ च. त्यामुळं पेनच्या काडतुसातून सिरिंजनं ओढायचं नाही. न उघडलेली बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये नाही. लाईट जाते, फ्रिज नसतो, तर बाटली कोरड्या डब्यात घालून तो डबा ओल्या मातीच्या माठात ठेवा.

शेवटची पायरी: अंगावर उडालं तर

डोळ्यात काहीही गेलं तरी लगेच वाहत्या पाण्याखाली पापण्या उघड्या धरून १५ मिनिटं, घड्याळ बघून, मग डोळ्याचा डॉक्टर. लेन्स असेल तर धुता-धुता काढा. ॲसिडवर सोडा, अल्कलीवर लिंबू असले उपाय अंगावर करायचे नाहीत, फक्त पाणी. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, ॲसिड येताना पुन्हा अन्ननलिका जाळतं. आणि दवाखान्यात निघताना ती बाटली सोबत न्या, समोरचा डॉक्टर पहिलं काय प्यायलं विचारेल आणि दुसरं किती टक्क्याचं.